गावची पहिली ओटी

"नारळ त्या पायरीवर ठेव आन् मागं हो. ओटी आमची मंडळी भरतील."

माजी सरपंच आबासाहेब मला हे म्हणाले. भर घाटावर, सगळ्या गावासमोर. आणि गावची सरपंच मी होते.

आमचं गाव एवढंसं. एक घाट, बाजाराची एक गल्ली, जयसिंगपूरला जाणारी एसटी. पुराचं पाणी घाटाच्या मधल्या पायरीला लागलं की नदीची ओटी भरायची. पहिली ओटी गावाच्या नावानं, सरपंचाच्या घरच्या बाईनं. आजवर ती आबासाहेबांच्या घरातूनच भरली गेली. या वर्षी मान माझा. पण मी मातंग वस्तीतली. आमच्या बायकांनी खाली भरायची, म्हशी धुतात त्या उतारावर. पाणी चढलं की सगळ्यांत आधी आमच्या चुलीत शिरतं. तेव्हा नदीला विटाळ होत नाही.

वाजतगाजत घाटापर्यंत यायला मात्र हलगी आमची लागते. माझे सासरेच वाजवत होते.

मी नारळ ठेवला. हाताला सवयच ती. आबासाहेबांच्या बायकोनं नदीचं पाणी त्यावर शिंपडलं आणि मग उचलला. वर हसून मला म्हणाल्या, "वाईट वाटून घिऊ नगंस गं. रीतच हाय."

शिवी दिली असती तर गिळली असती. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. अंगाची आग आग झाली.

मी खाली उतरले. त्यांच्या हातातनं नारळ काढून घेतला.

"ओटी गावची हाय," मी म्हणाले. "तुमच्या घरची न्हाय."

"ए, वर ये!" आबासाहेब ओरडले. हलगी थांबली होती. ते सासऱ्यांवर खेकसले, "तू का थांबलास रं? वाजीव!"

सासऱ्यांनी हलगीचं टिपरू खिशात घातलं. जन्मभर त्या माणसापुढं मान खाली घालून उभे राहिलेले माझे सासरे. म्हणाले, "सून ओटी भरतीया न्हवं? भरू दे की. मग वाजवतो."

पाणी गुडघ्याला लागलं. ओढ होती. भीतीही वाटत होती, खोटं कशाला सांगू? पदरात बांधून आणलेला खण, हळदकुंकू, नारळ, सगळं नदीत सोडलं. मागं वळून पाहिलं. घाटावरची एकही बाई माझ्यामागून उतरली नव्हती. ताटं झाकून सगळ्या घरी निघाल्या होत्या.

आता माझ्यावर अविश्वास ठराव आणायचं चाललंय. "रीत मोडली" म्हणतात. मोडली. माझ्या हातानं मोडली आणि मला त्याचा आनंद आहे. ठराव आणा, खुर्ची घ्या. पण घाट कुणाच्या बापाचा नाही. पुढच्या पुराला वस्तीतल्या सगळ्या बायका घेऊन मी याच पायऱ्या उतरणार. सरपंच असले तरी उतरणार, नसले तरी उतरणार. ज्याला अडवायचं असेल त्यानं पाण्यात उभं राहून अडवावं.