टोक नसलेला गळ

मासा खात नाही, विकत नाही, पकडतही नाही, आणि तरीही माशांचं आपल्याविषयी काय मत आहे याची रोज चिंता करतो, असा माणूस सगळ्या कारंजा लाडमध्ये एकच आहे, आणि तो आमच्या घरासमोर राहतो. गल्ली त्यांना टेलरकाका म्हणते. आयुष्यभर त्यांनी बायकांचे ब्लाउज शिवले. मग गिऱ्हाइकं रेडिमेडकडे वळली, काकू नातवाला सांभाळायला पुण्याला मुलाकडे गेल्या त्या तिथेच राहिल्या, आणि घरात काका, शिलाई मशीन आणि भिंतीवरची एक पाल एवढेच उरले. मुलाने दिलेल्या मोबाइलवर एक दिवस त्यांना एक गोरा म्हातारा दिसला. तो गळावर पीस ठेवून दोऱ्याने बांधत होता आणि बघता बघता त्याची माशी होत होती, पाण्यातल्या माशाला खरी वाटावी अशी. काका मोबाइल घेऊन थेट आमच्या ओट्यावर आले. "हा बुढा काय म्हनून राह्यला, सांग बरं." माझ्या इंग्रजी शाळेचा गल्लीला झालेला हा पहिला उपयोग. मी म्हणाले, तो सांगतोय की दोरा ताणून धरा, पण तुटू देऊ नका. काका हसले. "हे त्यानं मले शिकवाव काय?"

तेव्हापासून त्या मशीनवर कापड चढलेलं मी पाहिलेलं नाही. कापड दाबून धरणारी जी पट्टी असते, तिच्याखाली ते गळ धरतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि श्वास रोखून दोरा गुंडाळतात. त्याआधी मात्र एक काम असतं. नवा गळ आणला की कानशीने त्याचं टोक घासून घासून पार बोथट करायचं. काका पक्के शाकाहारी आहेत. मासा लागलाच तर त्याचं करायचं काय, हा प्रश्न त्यांनी असा मुळातच मिटवून टाकला. "काका, मग मासा अडकणार कसा?" मी एकदा विचारलं होतं. "अडकवाचा कोनाले हाय? त्यानं तोंडात धराव, त्याले वाटाव का हे खरं हाय, अन् मंग जाव आपल्या घरी." एवढं बोलून त्यांनी पुढचा गळ घासायला घेतला.

सामानाच्या बाबतीत मात्र ते कुणाचीच भीड ठेवत नाहीत. आठवडी बाजारात कोंबडीवाल्याच्या दुकानापाशी नाकाला रुमाल लावून ते अर्धा तास उभे राहतात आणि एकेक पीस उजेडात धरून पाहतात. दुकानदार वैतागून म्हणतो, "काका, एखादा कोंबडा तरी घ्या, पिसं फुकट देतो." "कोंबडा राहू दे तुले. मले मानेची पिसं दे, पाठीची नोको देऊ, ते पान्यात झोपते." रिठदला एका नातेवाइकाकडे ते सांत्वनाला गेले होते. गेलेल्या म्हाताऱ्याबद्दल चार चांगले शब्द बोलले, डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्यांना अंगणातला तांबूस कोंबडा दिसला. "लय भला मानूस होता," ते म्हणाले, "कोंबडा त्याईचाच काय?" त्या घराने अजून त्यांना परत बोलावलेलं नाही. लग्नात ते नवरीकडे बघत नाहीत, नवरदेवाच्या घोड्याच्या शेपटीकडे बघतात. माझ्या एका ओढणीचे गोंडे तीन होते, आता दोन आहेत. माशीच्या पोटाला कापूस लावून पाहिला, तो बुडाला. शेळीची लव तरंगली. जुन्या ब्लाउजच्या काठातली जरीची तार लावली, तर माशी इतकी झगमगली की काका स्वतःच म्हणाले, "हे तं लग्नाले निंगाली." आणि तयार झालेली प्रत्येक माशी आधी दोऱ्याला बांधून भिंतीवरच्या पालीसमोर नाचवली जाते. पाल झेपावली तर माशी पास. पाल नुसती बघत राहिली तर काका दोरा उसवतात आणि तिला म्हणतात, "बरोबर हाय तुहं."

मी घरूनच लॅपटॉपवर काम करते. गल्लीत फारशी कुणाशी बोलत नाही. बोलायला गेले की माझी पुस्तकी मराठी ऐकून लोक हसतात. काकांकडे बोलावं लागत नाही. काम संपलं की मी जाऊन बसते, ते बांधत असतात, आणि तास निघून जातो. रोज संध्याकाळी ते काकूंना फोन लावतात. दर रविवारी ते गावाबाहेरच्या तळ्यावर आपल्या माश्या टाकायला जातात, आणि दोन वर्षांत चार वेळा तिथे माशाने त्यांची माशी तोंडात धरली, असं त्यांचं म्हणणं. पण टोक नसलेल्या गळात पुरावाही अडकत नाही. "कोनी पाह्यलं काय?" काकू दर वेळी विचारायच्या. "कोनीच नोयतं." "मंग कसं मानाव?" काकू म्हणायच्या. "दुसऱ्या कोनी पाह्यलं म्हनलं तं मानतो मी. दोन दिवस येतो बी तिकडं, पाहाले." फोनचा स्पीकर नेहमी सुरू असायचा, त्यामुळे हे मी अनेकदा ऐकलं होतं. एक दिवस फोन ठेवून काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी येतं काय तळ्यावर? काहीच नाई कराचं. फक्त पाहाचं."

मी सलग चार रविवार गेले. काकांच्या खांद्यावर कळकाची काठी, तिला मेणबत्ती चोळून गुळगुळीत केलेला दोरा, आणि खिशात बॉबिनच्या डबीत सहा माश्या. काठावर ते उभे, हातभर अंतरावर दगडावर मी. ते माशी अशी टाकायचे की पाण्याला कळू नये. चारही रविवार पाण्याला कळलं नाही आणि माशांनाही कळलं नाही. पाचव्या रविवारी माझ्या मोबाइलवर काहीतरी वाजलं. कॉलेजातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो होता. मी तो पाहिला, आणि समोर डुबुक असा आवाज झाला. मान वर केली तेव्हा पाण्यावर नुसती वर्तुळं होती.

"पाह्यलं?" काका जवळजवळ ओरडले. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन लावला होता. "अवं, धरली! आज पोरगी हाय सोबत. तिले इचार!" आणि फोन माझ्यासमोर धरला.

"काय वं पोरी," काकूंचा आवाज आला, "तुनं पाह्यलं काय खरंच? तसं असन तं बॅग भरतो मी."

एकच शब्द बोलायचा होता. काका श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. खोटं बोलायला नको म्हणून नाही. मला कुठलाच शब्द वेळेवर येत नाही. काकांची नजर माझ्या हातातल्या मोबाइलवरच्या फोटोकडे गेली, आणि त्यांनी हळूच फोन आपल्याकडे वळवला.

"तिले नोको इचारू," ते म्हणाले. "ती मोबाइल पाहून राह्यली होती."

पुण्याच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली. "म्हंजे एकटेच होते म्हना ना," काकू म्हणाल्या.

"हाव," काका म्हणाले. "एकटाच होतो."

येताना ते रागावले नव्हते. वाटेत पडलेलं एक पीस उचलून त्यांनी मला दाखवलंसुद्धा. पण त्यानंतर रविवारी त्यांनी मला हाक मारली नाही. कळक खांद्यावर घेऊन ते समोरून जातात, मला बघून हसतात, "बस, बस, काम असन तुले," म्हणतात, आणि वळणावरून दिसेनासे होतात. मी येते म्हणून सांगायचं मी दर वेळी ठरवते. रविवारी सकाळी मी ओट्यावर चप्पल घालूनच बसलेली असते.