उत्तरमुखी घरातल्या कृत्तिका

लग्नाचे फोटो काढण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे कॅमेऱ्याचं मला काडीचंही कौतुक उरलेलं नाही. लग्नसराईत आज पिंपळगाव, उद्या देवळा, परवा नाशिकचंच एखादं लॉन असं हिंडून घरी आलो की पायांत गोळे येतात आणि डोळ्यांपुढे नुसते फेटे नाचतात. अशा माणसाने घरी येऊन पुन्हा परसात ट्रायपॉड मांडावा आणि आकाशाचे फोटो काढावेत, याला हौस म्हणत नाहीत. मला ते बायकोसाठी करायचं होतं.

तिला रातांधळेपणा आहे. सुरुवातीला अंधारात ठेचा लागायच्या तेव्हा आम्ही चपलांना दोष दिला. मग डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांचा पडदाच कडेकडेने निकामी होतोय आणि याला औषध नाही. उजेडातलं, समोरचं तेवढं तिला अजून चांगलं दिसतं. ते किती दिवस दिसेल हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा धीर आम्हाला झाला नाही.

एकदा थंडीत तिन्हीसांजेनंतर परसातले कपडे काढताना ती म्हणाली, "अहो, कृत्तिका वर आल्या असतील ना?"

मी पाहिलं. आल्या होत्या. शहराच्या उजेडाने फिकट पडलेल्या, पण होत्या. माहेरी देवळ्याकडे शेतीच्या पंपाला रात्रीची लाईट असायची तेव्हा वडिलांबरोबर ती कांद्याला पाणी भरायला जायची आणि बांधावर बसून त्या बघायची. आता कित्येक वर्षांत तिला एकही तारा दिसलेला नाही.

"फोटोत दिसतील का हो?" तिने विचारलं.

मी हो म्हणून बसलो, आणि डोक्याला ताप लावून घेतला.

काय घ्यायचं हेच कळेना. आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी लोकांच्या एका ग्रुपवर विचारलं तर सगळे तुटूनच पडले. कोणी म्हणे मोठी दुर्बीण घ्या, कोणी म्हणे दुर्बिणीचं नंतर बघा, कोणी म्हणे तुमचा कॅमेरा या कामाचाच नाही. ज्याने त्याने आपलं घोडं पुढे दामटलं. शेवटी मी साध्या विचाराने गेलो. कॅमेरा होता, वधूवरांचे चेहरे टिपायची चांगली लेन्स होती. नव्हता तो ट्रॅकर, म्हणजे तारे सरकतील तसा कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र. तो नसेल तर ताऱ्याचा ठिपका न येता रेघ येते. दुकानदाराने फोनवर मला अंधार किती, कॅमेऱ्याचं वजन किती, सगळं विचारलं. घराचं तोंड कुठे आहे हे मात्र त्याने विचारलं नाही.

आमचं घर उत्तरमुखी आहे. घेताना बायकोने तेवढा एकच हट्ट धरला होता. घर उत्तरमुखी म्हणजे परस दक्षिणेला, आणि परसात उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की आपलंच घर छाताडावर येतं. ट्रॅकर लावायचा तर त्यातल्या छोट्या नळीतून आधी ध्रुवतारा धरावा लागतो. शिकवणारे व्हिडिओ सगळे थंड मुलखातले, तिथे ध्रुव चांगला उंचावर असतो. आपल्याकडे हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी ठेवल्या की वर जेमतेम तो असतो. यंत्र आल्यावर मी मोठ्या उत्साहाने नळीला डोळा लावला, तर आत आमच्या न्हाणीघराची खिडकी.

गच्चीवर जावं तर गळतीपायी तिथे पत्रे टाकलेले. समोरच्या अंगणात ध्रुव दिसतो, पण फाटकाजवळच रस्त्याचा दिवा, असा लख्ख की त्याखाली बसून तांदूळ निवडावेत. मी चिडलो. "तुझ्या त्या वास्तुशास्त्राने माझा ध्रुव खाल्ला," असं तिला म्हणालोही. ती हसली. मला हसू आलं नाही. लग्नाच्या तारखा एकामागून एक लागलेल्या, मोकळी रात्र मिळाली तर ढग किंवा चंद्र, आणि तिकडे तिचा डोळा काही माझ्या सुट्टीसाठी थांबणार नव्हता. एके दिवशी तिने ताटातली चटणी चाचपून शोधली. यंत्र पलंगाखाली गेलं. मी थकलो होतो, आणि खरं सांगायचं तर घाबरलो होतो.

पुढे एका संध्याकाळी जेवताना तीच म्हणाली, "तुम्हाला ध्रुव कशाला हवाय? उत्तर कुठे ते कळायलाच ना?"

"हो."

"मग ही बाजूची भिंत सरळ उत्तरेला जाते की. घर घेताना वास्तूवाल्यांनी होकायंत्र ठेवून प्रत्येक भिंत तपासली होती. तुम्ही तेव्हा बाहेर उभं राहून तोंड वाकडं करत होतात."

मी करत होतो. पण भिंत खरोखरच सरळ होती आणि परसाच्या कुंपणापर्यंत तशीच गेली होती. त्याच रात्री आम्ही दोन्ही टोकांना भिंतीपासून काठीने सारखं अंतर मोजून दोरी ताणली. एक टोक मी धरलं, दुसरं तिने. अंधारात ती भिंतीला हात लावूनच चालते, त्यामुळे त्या कामात ती माझ्यापेक्षा सरस ठरली. दोरीच्या रेषेत ट्रॅकर बसवला, ध्रुव असतो तितका, म्हणजे आपल्या गावच्या अक्षांशाइतका वर उचलला आणि कॅमेरा थेट डोक्यावर आलेल्या कृत्तिकांकडे वळवला. अचूक काम नव्हतं ते. पण थोड्या थोड्या सेकंदांचे फोटो भरपूर काढले, आणि ताऱ्यांचे ठिपके ठिपकेच राहिले.

लग्नाची दोन कामं संपवून मी ते सगळे फोटो, उजेड साठावा म्हणून, कॉम्प्युटरवर एकावर एक चढवले. कृत्तिका आल्या. नुसत्या आल्या नाहीत, भोवतीचा निळसर धूरही आला, आणि मागे ताऱ्यांची रास. मी इतका खूश झालो की चहा ठेवला होता तो उतू गेला. तिला खुर्चीवर बसवलं. तिने नाक पडद्याला लागेल इतकं पुढे केलं.

"हाई काय शे?" ती म्हणाली. घाबरली की तिला माहेरची अहिराणी येते. "हे काय आहे? ह्या नव्हेत. ह्या किती आहेत! माझ्या सहाच होत्या."

मला वाटलं समजावून सांगावं, की हे सगळे तारे तिथे असतातच, डोळ्याला दिसत नाहीत इतकंच. पण तिचा चेहरा पाहिला. माउस हातात घेतला आणि फोटो काळा करत गेलो. आधी तो निळा धूर गेला. मग बारीक तारे विझले, मग त्यांच्याहून जरा मोठे. इतक्या खटपटीने गोळा केलेला उजेड मी माझ्याच हाताने पुसत होतो, आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं.

"अजून," ती म्हणायची. "अजून थोडं."

शेवटी काळ्याभोर पडद्यावर सहाच ठिपके उरले.

"थांबा. ह्याच."

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मला वाटलं डोळ्यात काही गेलं.

"काय करतेस?"

"पाठ करतेय," ती म्हणाली.