दहा मिनिटं नळ बंद

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्याचा त्याला गंध नव्हता, पण जमिनीखालचं पाणी कसं चाललंय ते तो रस्त्यात उभा राहून सांगायचा. पाणी खात्यात तीस वर्षं त्याचं काम एकच. कमरेएवढी लोखंडी सळई घ्यायची, तिचं एक टोक पाइपाच्या वरच्या जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. धड पाइपातलं पाणी नुसतं सरकतं, रेशमी कापड बोटांतून निसटावं तसं. पाइप फुटला असला की तिथं ते गुरगुरतं.

त्या वर्षी तलावाचा तळ उघडा पडला. पाणी पाचव्या दिवशी, दुपारी तीनला, तासभर. मधले दिवस माणसं पाण्याची स्वप्नं बघत ढकलायची. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, त्यातच फरशीचं फडकं बुडवायचं आणि उरलेला गढूळ गाळ कुंडीत ओतायचा. "आमच्या घरात पाण्याला चार जन्म घ्यावे लागतात, तरी त्याची सुटका नाही," असं शिंपी म्हणायचा.

गल्ली चढाची. पार वरच्या टोकाला अक्काचं घर. अक्का ही कानसेनची थोरली बहीण, आईमागं त्याला तिनंच वाढवलेलं. तिच्या नळाला तीन पाळ्या थेंब नव्हता. आजूबाजूची दोन घरं कुलूप लावून गेलीच होती. जाताना दोन्ही घरच्या बायका 'चार दिवसांसाठी' म्हणाल्या होत्या.

"पुढच्या पाळीला नाही आलं, तर मीही पोरीकडे जाते," अक्का म्हणाली.

"जाऊ नकोस."

"मग काय तुझ्या कानातून पाणी काढणारेस?"

तो हसला, पण तिचा प्रश्न त्याच्या वर्मी लागला. डावा कान थंडीतच गेला होता आणि उजवाही आताशा चुकारपणा करत होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बहिरा कानसेन म्हणजे आंधळा पहारेकरी.

वाटेत कुठंतरी पाइप फुटलाय, एवढं नक्की होतं. पण फुटका पाइप बोलतो तो पाणी सुटल्यावरच, आणि पाणी सुटलं की सगळ्या गल्लीचे नळ उघडतात, बादल्या आपटतात, मोटारी घरघरतात. त्या गोंगाटात हत्ती ओरडला तरी कळायचं नाही. म्हणून तो दारोदार फिरला. पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं नळ बंद. मोटारी बंद. तोंडंही बंद.

"तासातली दहा मिनिटं?" शिंपी म्हणाला. "त्यापेक्षा रक्त माग, बाटलीभर देतो."

"तुमच्या बहिणीसाठी आम्ही कोरडं राहायचं का?" शिकवणीवाल्या बाईंनी विचारलं.

"अक्काकडे जात नाही ते पाणी तुमच्याकडे तरी कुठं येतंय, बाई? जमिनीच्या घशात जातंय."

न्हाव्यानं मान खाजवली. "माझी हरकत नाही. पण आमची ही दहा मिनिटं गप्प बसेल का?"

"मी बसेन," आतून आवाज आला. "तुमचं बघा. कात्रीपेक्षा जीभ जास्त चालते तुमची."

असं हो-ना करत गल्लीनं होकार दिला.

पाचव्या दिवशी तीनला नळ खोकले, त्यांनी हवा ओकली आणि मग एकेक बंद झाले. गल्ली मुकी झाली. उन्हानं रस्ता थरथरत होता, जणू सगळी घरंच पाण्याच्या तळाशी ठेवली होती. खिडक्यांत माणसं दिसत होती, रिकाम्या भांड्यांवर हात ठेवून, श्वास धरून. कानसेन सळई टेकवत चढू लागला. आपण चालत नाही, पोहतोय, असं त्याला वाटलं. लहानपणी अक्का अंघोळ घालायची तेव्हा तो डोकं पाण्यात बुडवून तिची हाक ऐकायचा. दुरून, गोल होऊन यायची ती. आता सगळं जग तसंच झालं होतं.

शिंप्याच्या पायरीपाशी त्याला बारीक आवाज लागला. धाग्याएवढा. त्याची छाती भरून आली. खिशातला खडू काढून त्यानं रस्त्यावर फुलीची एक रेघ ओढलीसुद्धा. दुसरी ओढताना हात थांबला.

आवाज चढत होता.

फुटका पाइप कधी भरत नाही, म्हणून त्याचा सूर कधी चढत नाही. सूर चढतो तो भांड्याचा. कुणीतरी नळाच्या तोंडाला चिंधी बांधून, आवाज न करता, घागर भरत होतं.

कानसेन उभा राहिला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "गळ्यापर्यंत आली आहे घागर. सांडायच्या आत बंद कर, बाबा."

आवाज तुटला. शिंप्याच्या दारामागं कुणीतरी खोकलं.

तीन मिनिटं उरली होती. त्यानं सळई पुन्हा कानाला लावली. काहीच नाही. दोन पावलं वर, काहीच नाही. पाइप गप्प होता की कान मेला होता, हे त्याला कळेना. खिडक्यांतले डोळे पाठीला टोचत होते. मग त्यानं सळईचं टोक चक्क दातांत धरलं. गल्ली बघत राहिली.

न्हाव्याच्या दुकानासमोर जबड्यातून गुरगुर वर आली. किडलेल्या दाढेत कळ यावी तशी, थेट मस्तकात. त्यानं गुडघ्यावर बसून मोठी फुली मारली आणि ओरडला, "सोडा नळ!"

खात्याच्या दोन माणसांनी कमरेएवढं खणलं. पाइपाचा सांधा निखळला होता आणि भोवती चिखलाचं छोटं तळं साचलं होतं. शिंपी फावडं घेऊन न बोलावता आला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "माझ्या दारातली फुली अर्धीच का ठेवलीस?"

"खडू मोडला," कानसेन म्हणाला.

पुढच्या पाळीला तो अक्काच्या मोरीत नळापाशी बसला. तीन वाजले. सव्वातीन झाले. अक्का दाराशी पाठ करून उभी होती. साडेतीनला त्यानं नळाच्या तोंडात बोट घातलं.

"बाळाचे दात बघतोयस का?" अक्का म्हणाली.

बोटाला वारा लागला. मग गार काहीतरी ढकललं गेलं आणि मनगटावरून लाल, गढूळ धार वाहिली. हळूहळू ती निवळली. करंगळीएवढीच होती, पण तुटत नव्हती. अक्कानं पहिली घागर लावली, मग दुसरी. तेवढ्यात पोरीचा फोन आला.

"खोली कशाला आवरतेस?" अक्का फोनवर म्हणाली. "येईन गं, पाहुणी म्हणून येईन." आणि फोन खांद्यात दाबून भावाला म्हणाली, "मोठं पातेलं आण."

तो धारेकडे बघत राहिला.

"अरे, पातेलं!"

तो बघतच होता. अक्का त्याच्या तोंडाकडे नीट बघू लागली. फोनमध्ये पोरगी हॅलो हॅलो करत होती. मग अक्कानं त्याच्यासमोर येऊन दोन्ही हातांनी हवेत एक मोठा गोल काढला, आणि तो चटकन उठला.