डोळा आखताना रोखलेला श्वास

आमचा गणपतींचा कारखाना पेणजवळच्या जोहे गावात आणि घर पेणला, रामवाडीत. कॉलेजच्या सुट्टीत मी कारखान्यात मूर्ती पुसायला जायचे. इंग्रजी शाळेमुळे तिथल्या बायकांसमोर माझं मराठी अडखळायचं. म्हणून मी कमी बोलायचे.

रंग देणारे बरेच होते, पण डोळे आखायची ती माझी आत्याच. ब्रश टेकला की ती श्वास रोखायची आणि पापणीची रेघ पुरी झाल्यावरच सोडायची. लहानपणी फुटक्या मूर्तींवर तिने मलाही तेच शिकवलं होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, ती या रेघेच्या जोरावर मानाने राहिली. बाबाही तिच्याशी आवाज चढवून बोलत नसत.

त्या वर्षी पाऊस हटेना. ओल येऊ नये म्हणून बाबांनी शेडला चारही बाजूंनी प्लास्टिक लावलं. धूळ उडून ओल्या रंगावर बसते म्हणून पंखे बंद केले. एरवी पडवीत चालणारा रंगाचा स्प्रेही आत आणला. थिनरच्या वासाने दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं.

आत्याला खोकला लागला. श्वास रोखला की नेमका तेव्हाच तो उसळायचा आणि रेघ गालावर उतरायची. मग तो डोळा पुसायचा, अंगाचा रंग पुन्हा द्यायचा, तो सुकेपर्यंत थांबायचं.

"गो, तुझ्या खोकल्यानं गणपती पन दचाकला," मूर्ती घासणारी एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. आत्याही हसली आणि पुन्हा खोकली.

बाबांना वाटलं, गप्पांनी काम मागे पडतंय. "जिभा चालतात म्हणून हात चालत नाय," म्हणत त्यांनी जेवणाची सुट्टी कमी केली. त्यानंतर मूर्तींचे आणखीच डोळे पुसून पुन्हा आखावे लागले.

"दादा, एका बाजूचं प्लास्टिक काढ," आत्या म्हणाली. "काम उरकून देते का नाय बघ."

"आणि रंग ओला राहिला तर? गिऱ्हाईक ओला गणपती नेनार हाय?"

घरी जेवताना मी बाबांना म्हटलं, सकाळी दार उघडं असतं तेव्हा आत्याची रेघ चुकत नाही. "सकाळी मानूस ताजा असतो," ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याला मागच्या कोपऱ्यात घासायला बसवलं. तिथे पॉलिश पेपरखाली प्लास्टरची भुकटी उडत असते, म्हणून घासणाऱ्या बायका तोंडाला ओलं फडकं बांधतात. आत्याच्या पाटावर मला बसायला सांगितलं.

आत्याने ब्रश माझ्या हातात दिला. "घाई करू नको. श्वास रोख."

माझी रेघ सरळ आली. "बघ, व्हतंय की," बाबा म्हणाले आणि स्प्रे सुरू करायला सांगून गेले.

दुपारी माझ्या घशात खवखव सुरू झाली. मी खाकरले, तशी कोपऱ्यातली घासाघास थांबली. आत्या उठून आली. तिने स्वतःचं फडकं सोडून माझ्या नाकातोंडावर बांधलं, गाठ घट्ट केली आणि उघड्या तोंडाने परत घासायला बसली.