प्लॅस्टिक मेस्त्री

दत्ता भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी फळ्यावर पाढे लिहीत होते. आमच्या ह्यांना धड बोलता येत नव्हतं. "दत्ता गेला गं," एवढंच म्हणाले... भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, कोळवण रस्त्यावर मोटारसायकली दुरुस्त करायचे. गॅरेजमधल्या स्टुलावर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. त्याला आता दीड महिना झाला. तेराव्याला जेवणं झाल्यावर कुणीतरी तो जुना किस्सा काढलाच, गाव त्यांना 'प्लॅस्टिक मेस्त्री' का म्हणायचं त्याचा. लोक प्रेमानंच हसत होते. मी ताटं उचलायच्या निमित्तानं आत गेले, कारण तो किस्सा खोटा आहे आणि हे फक्त मलाच ठाऊक आहे असं मी समजत होते.

नऊ वर्षांपूर्वी मी डोंगरावरच्या वाडीतल्या शाळेत मानधनावर लागले. तिथवर एसटी जात नाही, म्हणून ह्यांची जुनी मोटारसायकल चालवायला शिकले. मुळशीच्या पावसात झाकणातून टाकीत पाणी जायचं. ते काढायला सारखा भाऊजींना कशाला त्रास, म्हणून मी शक्कल लढवली आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून ते घट्ट बसवलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी ऐन चढावर बंद पडायला लागली. थोडं थांबलं की चालू, पुढे गेलं की पुन्हा बंद. भाऊजी तेव्हा सासुरवाडीला गेले होते. पौडच्या एका मेस्त्रीनं दोनदा कार्बोरेटर साफ करून दिला, पण टाकी काही उघडली नाही. शाळेत रोज उशीर होऊन बोलणी बसली. शेवटी ह्यांनी घरात जाहीर केलं, आणखी एकदा बंद पडली तर गाडी विकायची आणि नोकरीही सोडायची. बाईच्या हातात गाडी गेली की असंच होणार म्हणे.

भाऊजी परतले, पण पाना हातात घेईनात. किती वेळानं बंद पडते, किती वेळानं सुरू होते, एवढं विचारून माझ्या मागे बसले. चढावर गाडी गचके खात थांबली.

"वैनी, टाकीचं झाकान उघडा."

उघडताच सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते माझ्या प्लॅस्टिकनं बुजलं होतं, आणि हवा आत जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. मला रडूच फुटलं. भाऊजींनी तुकडा खिशात घातला. घरी ह्यांनी विचारल्यावर तो काढून दाखवला आणि म्हणाले, "दादा, चूक माजी हाय. पानी जाऊ ने म्हनून मीच घातला व्हता. इसारलो."

मेस्त्रीनंच असं करावं... गावाला आयतंच मिळालं. गिऱ्हाइकं गाडी सोपवताना मुद्दाम सांगायची, झाकणाखाली काही घालू नका. भाऊजी मान खाली घालून काम करत राहायचे. दोनदा मी खरं सांगायचं म्हटलं, दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला, आणि मला मनातून बरंच वाटलं. त्याची आज फार लाज वाटते.

गेल्या रविवारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. शेजारी बसून मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय. त्यानं त्याच दिशी सांगितलं व्हतं."

लोक हसायचे तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात, असं मी विचारलं.

"त्यानंच बोलू दिलं न्हाई. म्हनला, आये, मला काय, दोन दिस हसतील. वैनीची शाळा सुटाय नगं."

दोन दिवस नाही, लोक नऊ वर्षं हसले. तो तुकडा मी घातला होता.