आमच्या बिजौलीची रॉकेटवाली रिंग

आमच्या वर्कशॉपमधले किस्से मशीनखालच्या धातूच्या चुऱ्यासारखे साठतात. झाडायला कुणाला वेळ नाही, आणि मला तर तो चुराच आवडतो! झाशीला बिजौलीत आमचा कारखाना. काल-परवापर्यंत पंपांचे भाग बनवायचा. मग मालक गुप्ताजींनी रॉकेटच्या इंजिनात बसणाऱ्या रिंगांची ऑर्डर आणली. आधी नमुन्याच्या दोन. पास झाल्या तर पुढचं काम आमचं, नापास झाल्या तर परत पंप. आणि मला नोकरीसाठी बॅग भरून पुणे. आईबाबा रेल्वेच्या नोकरीमुळे इथे आले नि इथलेच झाले. त्यांना सोडून जायचं अगदी जिवावर आलं होतं.

माझं काम तपासणीचं. आई मात्र सिव्हिल लाइन्सभर सांगत फिरते, "आमची मुलगी रॉकेट बनवते!" एकदा शेजारच्या मिश्राआंटी मिक्सर घेऊनच आल्या. "बेटा, रॉकेट बना लेती हो, ज़रा इसका ब्लेड भी देख लो." बघितलं. जमलं नाही. तेव्हापासून त्या आईकडे संशयाने बघतात!

*

आमचं मोजायचं मशीन केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक फरक पकडतं. म्हणून त्याची खोली कायम थंड ठेवायची. बाहेर झाशीचा मे महिना! बरुआसागरहून गुप्ताजींची सासुरवाडी 'मशीन बघायला' आली. बघून झालं तरी उठायचं नाव नाही. डबे उघडले, पुऱ्या निघाल्या, एक काका तर चक्क घोरायला लागले.

मी रिंग मोजायला घेतली, तर ती फुगलेली!

"गुप्ताजी, खोली तापली. पाहुण्यांनी रिंग वाढवली."

त्यांनी सुस्कारा टाकला. "दीदी, इन्होंने हमारा बीपी बढ़ा रखा है, रिंग क्या चीज़ है!"

*

या मशीनचं टेबल काळ्या ग्रॅनाइटचं, गुळगुळीत, सपाट. मशीनच्या पूजेच्या दिवशी आमचे ऑपरेटर कुशवाहा भैया नारळ घेऊन आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि टेबलावर हात उगारला.

"अहो भैया!" मी किंचाळून टेबलावर आडवीच पडले.

ते हिरमुसले. "इतना बढ़िया पत्थर, और इससे कोई काम ही नहीं लेते!"

*

शेवटी बेंगळुरूहून तपासायला नायरसाहेब आले. हसणं हा प्रकार त्यांच्या चेहऱ्याला माहीतच नसावा. शेवटची परीक्षा रंगाची. रिंगेला लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. बारीकशी जरी चीर असली तरी आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. उमटला की रिंग गेली!

दोन्ही रिंगांवर पावडर फवारून आम्ही चहाला गेलो. परत आलो, तर पहिल्या रिंगेवर लालभडक उभी रेघ.

 गुप्ताजी मटकन खाली बसले. आईबाबांना काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात. नायरसाहेबांनी भिंग काढलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "इतना सीधा क्रैक मैंने लाइफ में नहीं देखा."

तेवढ्यात दारातून आवाज आला. गुप्ताजींच्या आई, अम्माजी, हातात पूजेची थाळी घेऊन उभ्या, बोटाला ओलं कुंकू.

"बिटिया, दूसरी खों भी टीका लगा दें?"

गुप्ताजींनी कपाळावर हात मारला. "अम्मा!"

"अरे, आसमान में जा रई है, सूने माथे भेज दें का?"

नायरसाहेबांनी रिंगा धुवून घेतल्या, सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी चहाला कुणी हललं नाही. पांढरं ते पांढरंच राहिलं. दोन्ही पास! मला तिथेच रडू फुटलं, आणि कुशवाहा भैयांनी मशीन पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं.

साहेबांनी रिपोर्टवर सही केली, पेन खिशाला लावलं आणि सरळ अम्माजींसमोर जाऊन टक्कल वाकवलं.

"अम्माजी, इधर लगाइए. ऊपर कुछ गड़बड़ हुई, तो रिंग को कोई नहीं पूछेगा. साइन मेरा है!"