चढणारी पावलं

स्टुडिओत तिला सगळे ‘पायवाली’ म्हणत. पडद्यावरचं माणूस चाललं की त्याच्या पावलांच्या आवाजासाठी माइकसमोर ही चालायची, त्याच्या मापाने, त्याच्या वजनाने. वीस वर्षांत ती चोरासारखी चालली होती, नवरीसारखी चालली होती.

त्या दिवशी सिनेमातला बाप दारू पिऊन जिना चढत होता. तिने पुरुषी बूट चढवले आणि लाकडी पायऱ्यांवर एकेक पाऊल मोजून टाकलं.

साउंडवाल्या काकांनी हेडफोन काढला. “अगं, हा पिऊन आलाय. तू तर बँकेचा मॅनेजर चढवलास. जरा झोकांड्या दे की.”

“झोकांड्या नवखा खातो, काका. मुरलेला माणूस पायरी चाचपतो, पाय ठेवतो, थांबतो. मी अगदी ठीक आहे, हे घराला ऐकवत वर येतो.”

“हे कुठे शिकलीस?”

“घरी. बाबांकडे.”

काकांनी हेडफोन परत कानांना लावला.

दुपारी ती घरी आली. आई आजारी, आत झोपलेली. धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून परतून सत्तर दिवस झाले होते. ती भाजी निवडायला बसली आणि जिन्यावर पाऊल वाजलं. मग थांबणं. मग पाऊल.

तिने उठून कडी घातली.

“ताई, उघड ना.”

कडी काढून, हात तिच्यावरच ठेवून तिने दार बोटभर किलकिलं केलं. “तोंड पुढे कर.”

त्याने गुपचूप श्वास सोडला. वास चहाचा होता.

“आई झोपली असेल म्हणून हळू आलो,” तो म्हणाला. “परवा दोन-दोन पायऱ्या चढलो, तर म्हणालीस स्वारी फारच रंगात आहे. आता तूच सांग, मी चढू तरी कसा?”

आयुष्यभर दुसऱ्यांची पावलं चाललेली बाई दारातून जरा बाजूला सरकली.

“ये आत,” ती म्हणाली. पण कडीवरचा हात निघायला जरा वेळ लागला, आणि ते त्याने पाहिलं.

“येतो एक चक्कर मारून,” म्हणत तो वळला.

ती दाराला कान लावून उभी राहिली. बाबा घरातून निघताना नेहमी शुद्धीत असत. त्यामुळे त्यांची उतरती पावलं कधी कुणी कान देऊन ऐकलीच नव्हती. भाऊ खाली चालला होता, आणि त्या आवाजावरून तो कुठे निघालाय, ते तिला कळेना.